दादाची शिवराई

एवढा जीव होता, तर दादानं ती शिवराई विकलीच कशाला? मी घरात सगळ्यांना विचारलं, कुणी सांगितलं नाही.

नांगरताना सापडलेलं तांब्याचं जुनं नाणं ते. जामखेडच्या भांडीवाल्या शेठला विकलं आणि मग दर बाजारच्या दिवशी दादा ते बघायला दुकानात जायचा. शेठ हसायचे, "आले सोयरे. घ्या, भेटा लेकीला."

दादा तळहातावर घेऊन विचारायचा, "नांदतीया ना नीट?"

मागच्या महिन्यात दादा रानातच कोसळला आणि गेला. रीतीप्रमाणे चुलतीनं त्याच्या कपाळावर रुपया लावला. मला ते बघवेना. तो काढून फेकला आणि गाडीला किक मारली.

"आज एकटाच?" शेठनी विचारलं.

"शिवराई द्या. दादाला बघायचीय."

"मग त्याला घिऊन ये की."

"त्याला आता उठता येत न्हाई, शेठ."

शेठ गल्ल्यावरून उठले. शटर ओढलं आणि नाणं घेऊन माझ्या मागं बसले.

घरी चुलता म्हणाला, "एवढी जुनी वस्तू जाळतो व्हय?"

मी गंध लावून ती दादाच्या कपाळावर चिकटवली. पडू नये म्हणून तिरडीच्या कडेनं चालत स्मशानापर्यंत बोटानं दाबून धरली.