दारातला वारा

त्या दिवशी देवपुरात असं ऊन होतं, की डांबर चपलेला चिकटत होतं. मी टीव्ही-फ्रिजच्या मोठ्या शोरूमचा वॉचमन, दारावर उभा, तोही बाहेरच्या बाजूला. एसी सगळा आत. गिऱ्हाइकाला दार उघडलं की तेवढाच गार झोत अंगावर यायचा, म्हणून मी दार जरा सावकाशच लावायचो. मॅनेजरनं ते पाहिलं. म्हणाला, "आबा, गिऱ्हाईक नसताना दार उघडं दिसलं, तर उद्यापासून येऊ नका."

दुपारी गिऱ्हाईकच नाही. भाजून माझा पापड झाला. तेवढ्यात माझ्या घराशेजारचा सुपडू आला, त्याला हे सांगितलं. तो आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. सातव्या खेपेला मॅनेजरनं हात जोडले, "भाऊ, नेमकं घ्यायचंय काय?"

सुपडू म्हणाला, "काहीच नही साहेब. आमना आबाले वारा घाली ऱ्हायनू."