एक मिलिमीटरचा पत्रा

हॅलो?… हॅलो, बोल गं… मीच आहे. आवाज असा का म्हणजे? तोंडावर रुमाल बांधलाय. थांब, काढते… हं, बोल आता.

नाही, झोपले नव्हते. शेडमध्ये आहे.

अगं आपल्याच शेडमध्ये. मागच्या.

तुला कुणी सांगितलं?… शिवणवाल्या काकूंनी? वाटलंच मला. त्यांची सुई कापडात असते आणि डोळे आमच्या खिडकीत. काय म्हणाल्या?… निळा उजेड… हो… आग लागलीय की काय… अगं, आग लागली असती तर आधी तुला तिकडे परगावी फोन केला असता का त्यांनी? बादली घेऊन आल्या नसत्या?

नाही. आगबीग काही नाही. बाबाही ठीक आहेत. तू आधी बस बरं कुठंतरी. बसलीस?

मी वेल्डिंग करत होते.

…हॅलो? आहेस ना?

हो, मी. तुझी आईच बोलतेय… ओरडू नकोस, कानाला दडे बसतील माझ्या. सांगते ना. ऐकशील तर सांगते.

मधाची टाकी गळायला लागली. मला कुठलं कळतंय, मुंग्यांना आधी कळलं. काल सकाळी बघते तर टाकीखाली ही ओळ लागलेली, लग्नाच्या पंगतीसारखी. तोटीच्या खालचा सांधा उकललाय… वीतभर असेल.

नेली होती ना. बाजारातल्या वेल्डरकडे नेली होती. त्यानं नखानं टिचकी मारली आणि म्हणाला, काकू, हा एक मिलिमीटरचा पत्रा. मी हात लावला तर सांधा राहील बाजूला, चाळणी होईल. नवी घ्या.

नवी कशाला? पेट्या भरल्यात माझ्या. माश्या काय थांबणारेत का, बाईंची टाकी आली की मग पोळं बांधू म्हणून? आणि डिंक लावून बुजवता येत नाही गं, त्यात लोकांच्या पोटात जाणारा मध राहतो.

हो, माहितेय मला… हो, हो… परवा गॅरेजवाला बाबांचं वेल्डिंगचं मशीन न्यायला येणार. मी कुठे नाही म्हणतेय? तू ठरवलंस, मी हो म्हटलं. मशीन डोळ्यासमोर दिसलं की बाबांना त्रास होतो, असंच मलाही वाटत होतं.

बाबांनीही मान हलवली होती, खरंय. पण ती कशी हलवली ते तू बघितलं नाहीस. खिडकी लावू का विचारलं तरी तशीच हलवतात. उजवी बाजू गेल्यापासून सगळ्यालाच हो. ती फिजिओवाली येते, छान पोरगी आहे, म्हणते, काका, म्हणा बरं, पाणी. आणि हे भिंतीकडे बघतात. ती गेली की घरात नुसतं घड्याळ बोलतं.

म्हटलं, मशीन जायच्या आधी एकदा चालू तरी करू. तो आवाज तरी ऐकू.

येतं म्हणजे… बाबांच्या कारखान्यात डबा घेऊन जायचे तेव्हा दारात उभी राहून बघायचेच की. आणि आपण टाकाऊ पत्र्याचे डबे जोडायचो ना… तू लहान होतीस, तुला कसं आठवेल. तेव्हा दोनचार टाके मारू दिले होते त्यांनी मला. आज सकाळी फिजिओवाली यांना व्यायाम देत होती, तेवढ्यात भंगारातल्या पट्ट्यांवर हात बसवून घेतला.

हेल्मेट घातलं होतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, सगळं. दार उघडं आहे. मी काय वेडी आहे?

हां, तर ऐक ना. पट्ट्यांवर जरा जमल्यासारखं वाटलं. म्हणून मग टाकीला हात घातला. कसलं जमतंय! पत्रा कसा, कागदच. एका जागी क्षणभर जास्त थांबलं की भोक. घाईनं पुढे गेलं की सांधा तसाच उघडा. आणि आवाज! यांच्या हातात ती वेल्डिंगची टॉर्च असली ना, की एकच बारीक सूं… ऐकू येईल न येईल असा. माझं आपलं फडफड, फडफड, मग तड्! टंगस्टन टेकवलं. ती टोकदार सुई असते ना, टॉर्चच्या तोंडात, ती. वितळलेल्या स्टीलला टेकली की गेली कामातून.

तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं वारा. हेल्मेट वर केलं तर दारात तुझे बाबा.

एकटे. वॉकर घेऊन. मागच्या पायऱ्या उतरून!

हो गं, मलाही घाम फुटला. ऐक तरी पुढचं. तोंड हलत होतं त्यांचं. जोर लावत होते. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. आणि मग म्हणाले, "जवळ."

हो. जवळ. लख्ख. तुला-मला कळेल असं.

मी काय करणार? टॉर्च ठेवली, मोजे भिरकावले आणि धावले. मला वाटलं, मला बोलावतायत. इतक्या महिन्यांनी बोलले आणि काय बोलले, तर जवळ! हात धरला त्यांचा. डोळे भरून आले माझे… आणि हे वैतागले! हात झटकला माझा! टॉर्चकडे बोट करून पुन्हा, "जवळ! जवळ!"

अगं टॉर्च! टॉर्च पत्र्याच्या जवळ धर म्हणत होते! मी आपली लांबून धरत होते, म्हणून ती फडफडत होती. घरात पडल्या पडल्या ऐकलं त्यांनी. सहन झालं नाही.

हस, हस… मीपण हसले. आणि मग तेही. एका बाजूनंच हसतात आता, पण हसले.

ए… रडतेयस का? एक काहीतरी कर बाई. हसणं आणि रडणं एकदम केलंस तर फोनवर शिंकल्यासारखं ऐकू येतं.

हं. पूस डोळे.

मग काय, स्टुलावर बसवलं आणि झाले साहेब. आधी ते खराब झालेलं टंगस्टन काढायला लावलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणजे जा, घासून आण. मग करंट बघितला. मी ठेवला होता सत्तर. असं बघितलं माझ्याकडे, जणू मी दुधात मीठ घातलंय. चाळीसवर आणला. मग टाकीत हात घालून आतून सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. काळं! आतून पत्रा जळून साखरेसारखा खरबरीत झाला होता. बाहेरून गॅस सोडला म्हणजे झालं असं वाटलं मला, पण आतली बाजूही झाकायला लागते. मग नळीला फाटा काढून टाकीच्या आतही तोच आर्गॉन गॅस सोडला, चिकटपट्टीनं तोंड बंद केलं… सगळं खुणांनी. बोटानं आणि भुवयांनी.

नाही गं, सगळं काही गोड झालं नाही. ऐकायचंय?

आधी त्यांनी स्वतःच टॉर्च धरायला घेतली. उजव्या हातात. हात उचलला गेला थोडा, पण बोटं मिटेनात. घरंगळली. मी झेलली. मग किती वेळ खाली बघत बसले. मी काय बोलणार होते, होईल हो हळूहळू? ते तर सगळेच बोलतात त्यांना. मी आपली फडक्यानं पत्रा पुसत बसले. स्वच्छ झाला होता तरी पुसत बसले.

मग त्यांनी डाव्या हातानं तार उचलली.

अगं, सांध्यात भरायची तार. बारीक सळईसारखी असते. उजव्या हातात टॉर्च आणि डाव्यात तार, अशीच नोकरी केली ना सगळी! डाव्या हाताला काय झालंय? काहीच नाही. आम्ही सगळे त्या उजव्याकडे बघत बसलो. फिजिओवाली उजवा, डॉक्टर उजवा, मीपण उजवाच चोळत बसायचे. आणि त्या डाव्याला सगळं येतं गं. अंगठ्यानं पत्ते वाटावेत तशी तार पुढे सरकवत होते. मी बघतच राहिले.

मग दुसरं काय? टॉर्च मी धरली, तार त्यांनी.

नवं हेल्मेट त्यांना दिलं. मी जुनं घातलंय, ते जड. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत आत. फक्त तो ठिपका दिसतो, पाण्यासारखा हलणारा. मी पुढे सरकायची, तार यायची, थेंब पडायचा, तार मागे. मी सरकले नाही की गुडघा लागायचा माझ्या गुडघ्याला. चल पुढे. बास, तेवढंच.

पहिला टाका राखाडी आला. जळालेला. दुसऱ्याला तार चिकटली, रागावले, टेबलावर आपटली. तिसरा… तुला फोटो पाठवते. गव्हाच्या काडीचा रंग आलाय, हवा तसा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढच्या जागेवर बोट ठेवलं.

आत्ता? आत्ता थांबलोय. पत्रा गार होऊ द्यायचा मधेमधे, नाहीतर वाकडा होतो. तोटीजवळचा थोडा राहिलाय, तोच अवघड.

हो, दमलेत. घाम आलाय. पाणी पाजलं… हो, विचारीन डॉक्टरांना. वायरी भिंतीला बांधून घेते, पायऱ्यांना कठडा लावून घेऊ. पडतील म्हणतेस… पडतील कदाचित. पलंगावरूनही पडलेच होते ना, बाळा.

त्या गॅरेजवाल्याला तेवढं कळव. मशीन विकायचं नाही म्हणावं… राग येईल तर येऊ दे, चार दिवसांनी उतरेल. तुझ्यावर? बाबा तुझ्यावर कशाला रागावतील? तू त्यांच्याच भल्याचं बघत होतीस. मीही.

त्यांच्याशी? देते की. थांब, स्पीकरवर टाकते… अहो, लेकीचा फोन आहे. बोलता का?… अहो, इकडे बघा जरा. बोलायचंय तिला… नुसती मान नका हलवू, तिला मान दिसते का तिकडे?… काय?… काय म्हणालात?

ऐकलंस?

अगं "नंतर" म्हणाले! नंतर!

हो… हो गं, मीपण ऐकलं. नंतर म्हणाले… वाईट काय वाटून घेतेस, वेडे! कामात असलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

अहो, आले, आले! तार ठोकू नका टेबलावर… चल, ठेवते मी. हेल्मेट घालायचंय.