गावदेवीच्या जत्रेतले वाघ

तारीख १८ एप्रिल १९५५, सोमवार, दुपार.

मी सौ. सुगंधा गुणाजी पेडणेकर, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा जत्रेत तोंडे रंगवणे व घरकाम, शिक्षण मराठी दुसरी, राहणार नाहूर गाव, सुताराच्या चाळीतली मागची खोली. स्वतः हजर राहून, कोणी न शिकवता सांगते ते असे.

माझा नवरा गुणाजी याला काल रात्रीपासून चौकीत बसवून ठेवले आहे. मयत मुलाचे वडील दत्ताराम कोंडविलकर, राहणार मुलुंड, यांचे म्हणणे की आम्ही पोरे पळवणारी टोळी आहोत आणि पोरे ओळखू येऊ नयेत म्हणून सगळ्यांची तोंडे एकसारखी रंगवली. तोंडे एकसारखी रंगवली हे खरे आहे. पळवण्यासाठी रंगवली हे खोटे आहे. टोळी म्हणजे आम्ही दोघे. एकसारखी का रंगवली ते सांगते, म्हणजे नवऱ्याला सोडायला बरे.

माझा नवरा गावी होता तेव्हा दशावतारात रंगवायचे काम करत असे. मुंबईत मिलमध्ये बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, होता. बदली मिळेनाशी झाली तेव्हापासून आम्ही जत्रांत बसतो. पोरे येतात, कोणाला हनुमान पाहिजे, कोणाला राक्षस, कोणाला मिशीवाला शिपाई. रंग आम्ही घरी करतो. पिवडी, सफेदा, काजळी, सगळे खोबरेल तेलात खलून. पाण्याने हा रंग जात नाही. घामानेही जात नाही. तेलाच्या फडक्यानेच जातो. हे मी प्रत्येक आईला सांगते.

भांडुपच्या गावदेवीच्या चैत्रातल्या जत्रेला आम्ही दर वर्षी येतो. मागची सगळी वर्षे आम्ही बाहेर, रस्त्याकडेच्या चिंचेखाली, गोणपाट टाकून बसत होतो. बाहेर बसायला भाडे नव्हते. ऊन होते, धूळ होती, येणारा-जाणारा रंगाच्या वाटीला लाथ मारून जायचा, पण भाडे नव्हते.

यंदा मैदानाचा ठेका मार्तंड नावाच्या माणसाने घेतला. तो जत्रेआधी आमच्या खोलीवर आला. म्हणाला, "वैनी, यंदा बाहेर कोणाला बसू देणार नाही. दोरी बांधतोय. आत या. वर कापड मिळेल, बत्ती मिळेल, माणूस आपोआप तुमच्या पुढ्यात येईल." मी भाडे विचारले. त्याने सांगितले. दोन जत्रांची मिळकत एका जागेत जाईल एवढे होते. मी म्हटले, "एवढ्यात देवी पण मिळते का बरोबर?" तो हसला. भाडे कमी केले नाही.

नवरा नको म्हणाला. त्याचे शब्द, "भाड्याचे पैसे सुटाक व्हये तर पोरां एकामागसून एक काढूची लागतली. तां काम माझ्या हातसून होवचा नाय." मी म्हटले, "मग काय घरात बसून भिंती रंगवणार?"

मी दुसऱ्या कोणाला विचारले काय, असे विचारल्यावरून सांगते की, मी मेबलबाईला विचारले. ती गावठाणातली ख्रिस्ती बाई आहे, जत्रांत गोडाचे दुकान लावते. ती म्हणाली, "बाय, आत बसशील तर सकाळभरची कमाई मार्तंडाची, दुपारनंतरची तुझी. आन् गिऱ्हाईक नाय आलं तं दोनीपन त्याचीच." मी घरी येऊन हिशोब केला. बाहेर बसलो तर दोरी आहे. घरी बसलो तर काहीच नाही. मी पितळेचा हंडा मोडला आणि भाडे नेऊन दिले. नवऱ्याला नंतर सांगितले. जागा घ्यायचे मी ठरवले, त्याने नाही. हे स्पष्ट लिहा.

आमच्या कामात एक रीत आहे ती आता सांगते, कारण सगळे तिथेच आहे. दशावतारात माणसाच्या तोंडाला रंग लागला की रंग उतरेपर्यंत त्याला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. तो तेव्हा देव किंवा राक्षस असतो. पण पोरांच्या बाबतीत नवऱ्याने उलटे ठेवले होते. पोराचे तोंड रंगवून झाले की आईने समोर उभे राहून नीट बघायचे आणि त्याला नावाने हाक मारायची. पोराने ओ द्यायची. मगच पाटावरून उठायचे. नवरा म्हणतो, पोराला स्वतःचा विसर पडू नये आणि आईला नवे तोंड ओळखीचे व्हावे. शिवाय एका जत्रेत दोन तोंडे सारखी काढायची नाहीत, हेही त्याचेच.

यंदा ते दोन्ही मी बंद केले. तोंडे वेगवेगळी काढत बसलो तर भाडे सुटणार नव्हते. मी जाड पुठ्ठ्याचा वाघाचा छाप कापला. तोंडाला पिवळा हात फिरवायचा, छाप धरायचा, काळे पट्टे मारायचे, झाले. नवऱ्याने छाप बघून तोंड फिरवले, पण काम केले. मी पुढे बसून पिवळा लावत होते, तो मागे पट्टे मारत होता. हाक मारायला वेळ जातो म्हणून तीही बंद केली. आणि प्रत्येक पोराला सांगत होते, "तोंड उघडायचं नाही. बोललास तर पट्टे फुटतील. वाघ बोलत नाही." तेलाचा रंग अंगावर बसायला वेळ लागतो, म्हणून हे सांगावे लागते. मागेही सांगायचो. पण मागे हाक मारल्यावर ओ द्यायला लावत होतो.

दुपारपर्यंत मैदानात जिकडेतिकडे वाघ झाले. भेळवाला येऊन ओरडला, "ओ मावशी, तुमचा एक वाघ माझी भेळ खाऊन पळाला, पैसे कोण देणार?" मी म्हटले, "धर की त्याला." तो म्हणाला, "कुठल्याला धरू? सगळे सारखे!" रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसले.

उन्हे कलली तेव्हा भाड्याचे पैसे सुटले. मी नवऱ्याला सांगितले. त्याने छाप खाली ठेवला. म्हणाला, "आता सुटला मा? आता सावकाश करूया. हाक मारूक देवया." मी म्हटले, "आता तर आपले पैसे सुरू झाले. तुम्ही हात चालवा." त्याने छाप उचलला.

त्यानंतर रुक्मिणीबाई कोंडविलकर आली. कडेवर तान्ही मुलगी आणि हाताला मुलगा चंद्रप्रकाश, वय पाच. अंगात पांढरा सदरा, खाकी चड्डी. अर्ध्या जत्रेतल्या पोरांच्या अंगात तेच होते. मुलाला मी रंगवले, नवऱ्याने पट्टे मारले. बाई मला म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्ही हाक मारायला लावली होती ना? हा वर्षभर सांगत होता, मला पुन्हा हाक मार." ती त्याच्यासमोर वाकली पण. मी म्हटले, "यंदा वेळ नाही बाई, मागे रांग बघा. पुढे व्हा." ती पुढे झाली.

पुढचे मी पाहिलेले नाही, रुक्मिणीबाईने सर्वांसमोर सांगितले ते सांगते. फिरत्या पाळण्याजवळ गर्दीत तिच्या हातून मुलाचा हात सुटला. तान्ही रडत होती. तिने वळून शेजारच्या वाघाचा हात धरला आणि चालू लागली. तो मुलगा गावठाणातल्या कॉन्सेप्टाबाईचा डेनिस, वय चार. तो तिच्याबरोबर मुलुंडपर्यंत गेला आणि वाटेत एक शब्द बोलला नाही. घरी तिने त्याचे तोंड पाण्याने धुवायला घेतले. रंग जाईना. तिने जोरात चोळले तेव्हा तो रडला. आवाज आपल्या मुलाचा नाही हे तिला तेव्हा कळले.

ती डेनिसला घेऊन परत मैदानात आली तेव्हा आम्ही सामान बांधत होतो. माझ्या नवऱ्याने डेनिसला खांद्यावर घेतले आणि "हा कोणाचा, हा कोणाचा" असे ओरडत दुकानांमधून निघाला. एक पोर पोचवून मग दुसरे शोधू, असे त्याने मला सांगितले होते. रुक्मिणीबाई तेव्हा पाळण्याकडे मुलाला शोधत होती. तेवढ्यात मुलुंडहून दत्ताराम कोंडविलकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे आली. त्यांनी रंगारी माणूस रंगवलेले पोर खांद्यावर घेऊन जाताना बघितला. कोणी तरी ओरडले, "हाच तो, अजून एक नेतोय." नवऱ्याला खाली पाडून मारले. पुढचे दोन दात गेले. पाडताना त्याने पोराला सोडले नाही, पोटाशी धरले, म्हणून पोराला खरचटलेसुद्धा नाही. हे कॉन्सेप्टाबाईला विचारा. तिने तिथेच सगळ्यांना सांगितले की हा माझं पोर आणून देत होता. कोणी ऐकले नाही. आमच्या जागेचे कापड फाडले, रंग सांडला. ते असू दे.

चंद्रप्रकाश माझ्याकडे परत आला होता काय, असे विचारल्यावरून सांगते. दिवे लागायच्या वेळी एक वाघ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याने माझा पदर ओढला. पोरे पट्टे फुटले की पुन्हा काढून घ्यायला येतात, तसा आला असेल असे मला वाटले. मी म्हटले, "तुझं झालंय रे, पळ." तो गेला नाही. मी पुन्हा म्हटले, "बोल, काय पाहिजे?" त्याने तोंड उघडले नाही. मी त्याला दंडाला धरून बाजूला केले आणि पुढचे पोर पाटावर घेतले. मग तो दिसला नाही. पांढरा सदरा होता. तो चंद्रप्रकाशच होता असे मी सांगू शकत नाही. नव्हता असेही सांगू शकत नाही. सगळे मीच सारखे केले होते.

मैदानामागे जुनी दगडाची खाण आहे. तिच्यात बारमाही पाणी असते. आमच्या जागेच्या मागून पायवाट तिकडेच जाते. बाहेर चिंचेखाली बसत होतो तेव्हा ही वाट लांब होती.

आज सकाळी हवालदारांनी मला खाणीवर नेले. मुलाला वर काढून ठेवले होते. तोंडावर वाघ तसाच होता, एक पट्टा फुटला नव्हता. दत्ताराम कोंडविलकर म्हणाले, "हा माझा नाही. हा दुसऱ्या कोणाचा आहे. असे शंभर फिरत होते काल." ते खाली वाकायला तयार नव्हते. कपड्यांवरून काही सांगता येत नव्हते. हवालदारांनी मला विचारले, "बाई, हे निघतं कशाने?" मी सांगितले, तेलाने. मेबलबाईने घरून खोबरेल आणले. फडके मी माझ्या लुगड्याचे फाडले.

मी पुसायला बसले. कपाळापासून सुरुवात केली. आधी काळे निघते, मग पिवळे. डोळ्यांजवळ हळू पुसावे लागते. पोरे नेहमी डोळे घट्ट मिटतात आणि हसतात, म्हणून एका हाताने हनुवटी धरायची सवय आहे. तशी धरली. गाल निघाले, नाक निघाले. बापाने बघितले आणि तो बाजूला जाऊन बसला. मग रुक्मिणीबाई पुढे आली, समोर वाकली, आणि तिने त्याला नावाने हाक मारली. थांबली. पुन्हा मारली.

जागेचे भाडे परवडले काय, असे साहेबांनी विचारले. परवडले. उन्हे कलतानाच सुटले होते. त्यानंतर रंगवलेली पोरे सगळी नफ्याची. हा त्यांतला आहे.

छाप मी कापला. हाक मी बंद केली. रांग मी पुढे ढकलली. माझ्या नवऱ्याने दोनदा नको म्हटले होते, एकदा घरी आणि एकदा जागेवर. त्याला सोडा आणि दातांवर औषध द्या. मला कुठे बसवायचे ते सांगा.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसा आहे. नफ्याबद्दलचे वाक्य काढू का, असे हवालदारांनी विचारले. मी राहू द्या म्हटले. सही येते, सही करते.

सुगंधा गुणाजी पेडणेकर