कोड बरोबर होता

अध्यक्षा उत्तराताई, व्यासपीठावरील मान्यवर, आखातातल्या या सीबमधल्या आपल्या मंडळाच्या बंधुभगिनींनो आणि मागच्या रांगेत इंग्रजीत कुजबुजणाऱ्या बालमित्रांनो, या तानाजी कदमचा सर्वांना नमस्कार.

शाल मिळाली, नारळ मिळाला. निवृत्त माणसाने आता गहिवरायचं असतं. मला तसं काही होत नाहीये, राग मानू नका. देवेशरावांनी माझी ओळख 'कोडवाले काका' अशी करून दिली. खरं आहे ते. गावाकडची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, जुना स्विफ्ट कोड बंद पडला आणि पाठवलेले पैसे परत आले, की तुम्ही मलाच विचारायचात. पहिली चार अक्षरं बँकेची, मग दोन देशाची, दोन शहराची, आणि असलीच तर शेवटची शाखेची. वर्कशॉपमधल्या माणसाला हा नाद कुठून लागला, देव जाणे.

गेल्या वर्षी आमची ही, मंगला, गेली. चिपळूणला जाऊन मी सगळं उरकलं, तिचं खातंही माझ्याच सहीने बंद केलं आणि परत आलो. पगार झाला. नेहमीसारखा सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या मनी एक्स्चेंजवर गेलो आणि तिला पैसे पाठवले. आठवड्याने ते परत आले. काय वाटलं असेल मला? काहीच नाही. मी काउंटरवर जाऊन भांडलो. म्हटलं, कोड चुकलाय.

तिथला जुनैद मला कित्येक वर्षं ओळखतो. तो म्हणाला, "चाचा, कोड बिलकुल सही है. खाता बंद है." मी म्हटलं, "फिर से देखो." बिचाऱ्याने पुन्हा पाहिलं. मागे ही रांग. मला सगळं ठाऊक होतं हो, तरी कोड चुकलेलाच निघावा असं फार वाटत होतं. कोड दुरुस्त तरी करता येतो, नाही का?

असो. शुक्रवारी निघतोय. परवा कंपनीकडून शेवटचा हिशेब मिळाला, तो माझ्या खात्यात पाठवायला गेलो. बँक तीच, शाखा तीच, कोडही तोच. पैसे पाठवताना घेणाऱ्याशी नातं सांगावं लागतं. इतकी वर्षं जुनैद न विचारताच 'वाइफ' घालायचा. या वेळी त्याने मान खाली घालून विचारलं, "चाचा, रिश्ता?"

म्हटलं, "सेल्फ लिखो."

मग बाहेर गाडीत बसून रडलो. वर्षभरात पहिल्यांदाच.

मंडळाने फार केलं माझ्यासाठी, मनापासून आभार. चांगल्या कार्यक्रमात हे असं बोललो, सांभाळून घ्या. शुक्रवारनंतर सांगायला समोर कोणी नसेल.