वाफेचा वॉल

नका, बंद नका करू — चालूच राहू द्या इंजन, बंद केलं की परत स्टार्टर मारत बसाल. जरा इकडं सरका गुरुजी, उजेड अडून राहिला तुमच्यानं. हां. तुम्ही आल्या आल्या काय म्हणलाव — पेट्रोल भरलं की गाडी चालू होत न्हाई, एरवी होती. बरोबर? आवो, गिऱ्हाईक म्हणतंय गाडी बिघडली, झालं. इतकं नेमकं सांगणारे मास्तर तुम्हीच पहिले. आन टाकी कशी भरता? पंपावरच्या नळीचा खटका पडला की थांबता का गाडी हलवून हलवून तोंडापर्यंत भरता? — हसू नका, समदे तेच करतेत, गावात पंप न्हाई म्हणून. मंग पेट्रोल शिरतंय वाफेच्या डब्यात आन हा वॉल जातोय कामातून.

हा बगा, बोटाएवढा. टाकीत पेट्रोलची वाफ होती, ती कोळशाच्या डब्यात साठती, आन गाडी पळायला लागली की ह्यो वॉल उघडून ती इंजनाला देतो. एरवी बंद पाहिजे. आता मी त्याची वायर काढली — म्हंजे बंदच पाहिजे की न्हाई? डब्याकडची नळी काढली. लावा बोट. लावा, काय होत न्हाई. ओढतोय का? लई ओढतोय! उघडाच अडकलाय. पेट्रोल भरताना समदी वाफ इंजनात, मंग कशी चालू व्हावी? आन लोक गाडीतला पंप बदलतेत, प्लग बदलतेत, खामखा. मीबी — असू द्या. तो दहा नंबरचा पाना द्या. दहाचा, गुरुजी, हा बाराचा हाय.

वर काय बघता? हाव, बोर्डावर दोन नावं हायत. लिंबाजी म्हंजे मी. रेवणप्पा गेला. गेला म्हंजे — जिता हाय, गॅरेज सोडून गेला. सहा वर्षं झाली. देवणीला स्वतःचं टाकायचं व्हतं त्याला, म्हणून गेला. मी समद्यांना तेच सांगतो. पंधरा वर्षं एका पत्र्याखाली काम केलं, त्याचा डबा मी खाल्ला, माझा त्यानं. का पुसलं न्हाई नाव? पेंटर सापडंना. — सहा वर्षं सापडंना, हाव.

आता बंद करा इंजन. तर असाच वॉल व्हता, डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा. रेवणप्पानं काढला, तोंडाला लावून फुंकला, म्हणला वारा आरपार जातो, हाच खराब हाय. मी म्हणलं टाकीतला पेट्रोलचा पंप गेलाय. त्यो म्हणला, ‘इल्ला.’ त्याच्या घरी कानडी, नाही म्हणायचं असलं की इल्ला. एवढंच. पर चार गिऱ्हाईकं उभी, मी वयानं मोठा — माझं डोकं फिरलं. बसवला नवा पंप. चौथ्या दिवशी बाई पेट्रोल भरायला गेल्या, गाडी तिथंच बंद, मागं रांग, हॉर्नवर हॉर्न. तशाच आल्या इथं, लई बोलल्या. आन मी म्हणलं — पंप रेवणप्पानं बसवला, त्याचा हात चुकला.

मी बसवला व्हता, गुरुजी. माझ्या हातानं. त्यो तिथं नळावर हात धूत व्हता, ऐकलं त्यानं. हात पुसले, आपले पाने पोत्यात भरले आन गेला. मंग मी वॉल काढून फुंकला. आरपार. — हे कशाला सांगून राहिलो मी तुम्हाला? बसला तुमचा नवा वॉल, मारा स्टार्टर. मारा. बगा, एका झटक्यात! समोरच्या पंपावर टाकी भरून बगा, पर खटका पडला की बास म्हणा.

काय? आधीच सांगितलं व्हतं, वॉलच हाय म्हणून? कुणी? …

कुठले तुम्ही? देवणीचे. आन मंग त्यानंच का न्हाई बदलला? वॉल मिळाला न्हाई, ठीक हाय, पर देवणीहून लातूरला येताना किती गॅरेज लागतेत रस्त्यात. — लिंबाजीकडंच जा म्हणला? आन काय झालंय ते सांगू नका म्हणला? लिंबाजीला आता कळतंय म्हणला?

आसं म्हणला. ‘आता’ म्हणला.

थांबा. जाऊ नका, ह्या खणात… कुठं… हा. हे न्या. न्हाई, तुमचा हा खाली पडलाय, ह्यो डॉक्टरीणबाईंचा हाय, जुना. रेवणप्पाला द्या. काय सांगायचं? काय न्हाई. फुंकून बग म्हणावं. त्याला ठावं हाय, तरीबी — फुंकून बग म्हणावं, लिंबाजीनं सांगितलंय, समद्यांच्या पुढं फुंक.

मी? न्हाई, मी कसा येऊ, गाड्या पडल्यात इतक्या. निघा गुरुजी. मागचा हॉर्न देऊन राहिला कवाचा. निघा.