आमच्या घरातली सिस्टीम

आठ की बारा, आठ की बारा, आठ की बारा... गेले चार महिने आमच्या घरात हा एकच प्रश्न आहे, आणि तुम्हाला वाटेल पाहुण्यांना आठला बोलवायचं की बाराला, तर तसं काही नाही, बटणाच्या आत अक्षरांभोवती मोकळी जागा किती सोडायची, आठ ठिपके की बारा ठिपके, एवढंच. बटण म्हणजे शर्टाचं नव्हे हो. शर्टाचं असतं तर मी लावून दिलं असतं. कंप्यूटरच्या पडद्यावरचं बटण, ज्याच्यावर ‘पुढे जा’ लिहिलेलं असतं आणि दाबलं की पुढं जाता येतं. चार महिन्यांत आम्ही काही पुढं गेलो नाही. मी काही बोलले नाही. मला सवयच नाही बोलायची, कुणालाही विचारा.

तुम्हाला सांगते, आमचे हे, मुकुल, हुबळीत देशपांडे नगरात एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या घेऊन लोकांच्या वेबसाइट करतात. लॉजची, गुळाच्या व्यापाऱ्याची, मंगल कार्यालयाची. प्रत्येकाला बटणं नवी, चौकटी नव्या, सगळं पहिल्यापासून. मग एके दिवशी ह्यांच्या डोक्यात आलं, की हे सगळं एकदाच नीट करून एका जागी ठेवावं आणि ज्याला लागेल त्यानं तिथनं घ्यावं. त्याला म्हणतात सिस्टीम. मी मनात म्हटलं, म्हणजे माझ्या माहेरच्या, अळणावर गावच्या गल्लीची भांडी की. वर्गणीतनं घेतलेली, कार्य निघालं की ज्यानं त्यानं न्यायची, पातेल्याला एकदा बरी कल्हई केली की सगळ्यांच्या घरची आमटी चांगली. आणि ही भांडी हे इंटरनेटवर ठेवणार, फुकट, जगात कुणीही न्या. चांगलंच आहे. पण गल्लीच्या पातेल्याकडं बघून सकाळी उठल्या उठल्या कुणी हसतं का हो? हे हसतात. हुबळीबाहेर रायापूरच्या आमच्या घरात चहाच्या आधी कंप्यूटर चालू होतो, तो घरघरतो, पडदा उजळतो, आणि ह्यांचा चेहरा असा होतो, की मला वाटतं आपण दार लोटून घ्यावं, दोघांना एकटं सोडावं.

आणि ती माझ्या आधीची आहे, हे लक्षात घ्या. आमचं लग्न फाल्गुनातलं. ती दोन वर्षांपासून घरात. सासूबाई पहिल्याच आठवड्यात कौतुकानं म्हणाल्या, तो तिच्यापायी जेवण विसरायचा गं, तू आलीस ते बरं झालं, आता तू आठवण करत जा. म्हणजे माझी नेमणूक कशावर झाली बघा. मी काही बोलले नाही.

बेंगळूरला ह्यांची भागीदार आहे, दीपश्री. ती चित्रं काढून पाठवते, हे ती पडद्यावर चालती करतात. दोन मुलांची आई, आवाजही असा खणखणीत, की फोन ह्यांच्या कानाला आणि मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. तिच्याबद्दल मला काही नाही. पण ते भांडतात हो. बटणाचे कोपरे गोल की टोकदार, ह्यावर तासभर. हे तावातावानं येरझाऱ्या घालतात, ती तिकडनं ‘साध्यने इल्ला मुकुल’, शक्यच नाही, म्हणून फोन ठेवते, पाच मिनिटांनी परत करते, परत भांडतात. आणि माझ्याशी? माझ्याशी आठ महिन्यांत एकदा नाही. पोहे करू की उपीट, तर ‘तुला हवं ते’. पडदे निळे की पिवळे, तर ‘तुला आवडतील ते’. लॉजवर उतरलेल्या माणसाशी मॅनेजर बोलतो तसं. एका कोपऱ्यासाठी तिच्याशी तासभर, आणि माझ्या अख्ख्या पडद्यांसाठी अर्धं वाक्य नाही? मला दुसरं काही नको होतं, एवढंच वाटायचं, की ह्या माणसानं मला पाहुणी धरू नये.

एकदा मात्र बघितलं त्यांनी माझ्याकडं. कुणाच्या तरी मुंजीला म्हणून लग्नातला शालू नेसले होते, तर हे खुर्चीतनं उठले, माझ्याजवळ आले, म्हणाले, जरा इथं उभी राहा. राहिले. जरा उजेडात ये. आले. माझा पदर हातात घेतला, काठ बोटांनी उलगडला, आणि दहा मिनिटं, दहा मिनिटं तुम्हाला सांगते, एकदा काठाकडं बघतात, एकदा पडद्याकडं. माझ्या काळजाचं काय झालं असेल? तर दुसऱ्या दिवशी कळलं, तो लाल रंग हवा होता. कशाला, तर एक बटण असतं, ते दाबलं की सगळं पुसून जातं, त्यावर लिहायचं ‘काढून टाका’. माझ्या शालूचा काठ आता जगभर लोक काहीतरी काढून टाकायला वापरणार. मी काही बोलले नाही.

नाही, श्रावणात एकदा बोलले. खोटं का सांगू. म्हटलं, हे बटण मला बारीक वाटतं, बाण नेता नेता निसटतो, आठाचं बारा करा की. हे म्हणाले, ‘हं’. संपलं.

आता आली दिवाळी. पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण, आणि ह्यांनी काय ठरवावं, तर सिस्टीम पाडव्याच्या मुहूर्तावर जगापुढं ठेवायची. म्हणाले, तू पुढं हो, मी भाऊबीजेला येतो. जावई पाडव्याला नाही? अळणावर केवढंसं गाव, स्टेशनावर मी एकटी उतरले असते तर घरी पोचेपर्यंत चार जणींनी विचारलं असतं, काय गं, एकटीच? मी काही बोलले नाही, नुसती बॅग भरली, आणि बॅगेत ह्यांचे कपडे वर दिसतील असे ठेवले. हे दोन दिवस त्या बॅगेकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी सगळी सिस्टीम कंप्यूटरवरनं काढून एका पेन ड्राइव्हमध्ये घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, तिकडनंच इंटरनेटवर टाकू.

म्हणजे माहेरी आम्ही तिघं गेलो.

नरक चतुर्दशीला पहाटे आई ह्यांना तेल लावायला बसली, शर्ट काढायचा होता, तर हे म्हणाले, हे जरा धर, ह्याच्याशिवाय दुसरी नक्कल नाही. आणि तो पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. बोटाएवढा. दोन वर्षं माझ्या डोक्यावर बसलेली ती, माझ्या मुठीत. समोर बंब पेटलेला, पाणी नुसतं उकळत होतं, झाकण मीच काढलेलं होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा. मी हिशेब केला, टाकला तर हे रडतील, मग दोन वर्षं परत करतील, परत आठ की बारा... मी झाकण लावलं आणि तिला देवघरात नेऊन ठेवलं. तर संध्याकाळी लक्ष्मीपूजनात आईनं जावयाचं कामाचं हत्यार म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. फूल वाहून ती हात जोडून उभी राहिली. माझी आई. तिच्यापुढं.

बाबांचं तर विचारूच नका. बाबा म्हणजे दत्तात्रय मास्तर, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तपासायला वह्या नाहीत म्हणून वर्तमानपत्रावर लाल पेन्सिल चालवतात. त्यांना कळलं, की सिस्टीमबरोबर ती कशी वापरायची ह्याचं चाळीस पानांचं पुस्तकही आहे, इंग्रजीत, आणि ते छापून बॅगेत आणलंय. झालं. सासरा-जावई ओसरीवर. फराळाचं ताट मी नेलं, ते तसंच राहिलं. मधनं मधनं बाबांचा आवाज, जावईबापू, इथं स्वल्पविराम नको. माझ्या दहावीच्या निबंधाला ह्या माणसानं एवढा वेळ दिला नव्हता.

पाडव्याला सगळे निघालो स्टेशनासमोरच्या इंटरनेट सेंटरवर. बाबूचं सेंटर. पाडव्याचं बंद होतं, पण मास्तरांचा जावई म्हटल्यावर बाबूनं शटर वर केलं, ‘बर्री अण्णा, कूडरी’ करून ह्यांना खुर्ची दिली. बाबूनं पेन ड्राइव्हवरचं कुंकू फुंकरीनं उडवलं आणि मशीनला लावला. हे म्हणाले, आई, टाकायच्या आधी तुम्ही एकदा बटण दाबून बघा. आईनं जन्मात पहिल्यांदा माऊस धरला. बाण बटणापर्यंत गेला, निसटला. परत गेला, निसटला. आई म्हणाली, लहान आहे हो हे, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तिथनंच दीपश्रीला फोन लावला. म्हणाले, ‘बारा. संपला विषय. माझ्या सासूबाईंनी सांगितलं.’ आणि ती, जी चार महिने आठाच्या बाजूनं लढत होती, ती पण ‘आयतु’ म्हणाली, म्हणजे झालं, ठीक आहे.

श्रावणात, तुम्हाला सांगते, श्रावणात मी बारा म्हणाले होते. मी काही बोलले नाही.

मग ह्यांनी तिथंच बसून बाबांच्या दुरुस्त्या घातल्या, आठाचं बारा केलं, शेवटी अजून काय काय टंकलं, आणि टाकली एकदाची. बराच वेळ एक पट्टी भरत गेली, आम्ही सगळे श्वास धरून, आणि मग हे हळूच म्हणाले, गेली. मला वाटलं, चला, पोरीची पाठवणी झाली, आता घर रिकामं होईल. बाबूनं पहिलं पान छापून बाबांच्या हातात दिलं, खाली आभारांची यादी. बाबांनी चष्मा लावला आणि हजेरी घेतल्यासारखे वाचायला लागले. दीपश्री, बेंगळूर. नंतर पोलंडचा एक गृहस्थ, ज्यानं आधी पाठवलेला नमुना बघून पत्रानं एक चूक कळवली, त्याचं नाव बाबांना काही उच्चारता आलं नाही. दत्तात्रय मास्तर, अळणावर, इंग्रजी तपासल्याबद्दल. हे नाव त्यांनी दोनदा वाचलं. भागीरथीबाई, बटणाच्या मापाबद्दल. आईनं पदर डोळ्याला लावला. बाबू, सणाचं सेंटर उघडल्याबद्दल. बाबू म्हणाला, इंटरनेटवर आपलं नाव, अण्णा? आणि त्यानं अजून चार प्रती काढल्या.

पान संपलं. बाबांनी उलटून बघितलं, मागं कोरं.

आणि मी बोलले. तोंडातनं निघूनच गेलं. म्हटलं, ‘माझं?’

हे माझ्याकडं बघत राहिले. खरंच कळलं नव्हतं त्यांना. म्हणाले, ‘तुझं कशाला? घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का?’

‘मग आई-बाबा?’

‘ते सासर. मोठी माणसं. त्यांचे मानायलाच पाहिजेत. तू काय, तू म्हणजे...’ आणि त्यांनी आपला चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे चोळत बसले. आई म्हणाली, बरोबर आहे जावईबापूंचं. बाबांनी मान डोलावली. बाबूनंही डोलावली.

आता मी काय करू, सांगा. आठ महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते बाबूच्या सेंटरात मिळालं, सगळ्यांसमोर. रडूही येईना, भांडूही येईना. झाले मी घरची. झाले एकदाची. फक्त एवढंच म्हणते, यादी छापून होईपर्यंत पाहुणीच राहिले असते, दोन दिवस उशिरा घरची झाले असते, तर काय बिघडलं असतं?