तात्सुओ ओची यांच्या बोटीचा शोध थांबवण्याबाबत

मी, हात्सुए ओची, वय ६४ वर्षे, धंदा केस कापण्याचे दुकान, राहणार बंदरामागची गल्ली, ओशिमा बेट, इमाबारी, आज पोलीस चौकीत स्वतःहून हजर होऊन हवालदार मियावाकी यांच्यासमोर जबाब देते की,

तात्सुओ ओची, वय ६७, हे माझे पती. टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशांतून त्यांनी हौसेसाठी एक जुनी बोट घेतली. मासेमारी आमच्या घराण्यात कोणी केलेली नाही. माझे सासरे शिंपी होते.

आज सकाळी मी दुकान उघडत असताना मच्छीमार सोसायटीचे चेअरमन निनोमिया आले. म्हणाले, "वहिनी, तात्सुओची बोट काल सकाळपासून धक्क्यावर नाही. आमच्या नऊ बोटी शोधायला निघाल्यात." मी म्हणाले, "बोलवा परत. ती बोट चालूच शकत नाही." ते म्हणाले, "घरच्या माणसाने चौकीत लिहून दिल्याशिवाय आम्हाला थांबता येत नाही." म्हणून मी आले आहे. शोध थांबवावा, एवढेच मला लिहून द्यायचे आहे.

कारण असे की, बोटीचे इंजिन एप्रिलपासून बंद आहे. दोर जुने झाले होते, नवे घ्या म्हटले तर "पुढच्या महिन्यात" म्हणायचे. दोर तुटून रिकामी बोट वाहत गेली असणार, आणि हे तोंड लपवून थोरल्या भावाकडे बसले असणार. भाऊ फोन उचलत नाही. तो कधीच उचलत नाही.

खर्चाचे विचारलेत म्हणून सांगते. बोट स्वस्तात पडली म्हणून हे गल्लीभर मिरवले होते. बोट हलो न हलो, धक्क्याचे भाडे द्यावेच लागते. बुडाला शिंपले चिकटतात, ते दर वर्षी खरवडून रंग लावायचा. त्यासाठी क्रेनने बोट वर काढायची त्याचे वेगळे पैसे, खाली सोडायची त्याचे वेगळे. जणू वरच ठेवून घेणार होते! विमा आहे, सरकारी तपासणी आहे. संकटात उडवायचे लाल बाण आहेत, ते न उडवताच मुदत संपते आणि नवे घ्यावे लागतात. मासे दाखवणारे यंत्र घेतले आहे. त्यात मासे दिसतात असे हे म्हणतात. बोटीला माझे नाव दिले, त्यामुळे सगळी बिले माझ्या नावाने येतात आणि पोस्टमनसुद्धा दात काढतो. माझ्या दुकानातली दुसरी खुर्ची तीन वर्षांपासून वर-खाली होत नाही. तिच्या दुरुस्तीला मात्र घरात पैसे नसतात.

इंजिन बंद पडल्यावरही हे रोज पहाटे बर्फाची पेटी घेऊन निघत आणि दुपारी मासे घेऊन येत. आमच्याकडे मासे मिळाले की गल्लीत वाटतात आणि शेजारी डबा रिकामा परत करत नाहीत. यांनीही ऐटीत वाटले. समुद्रातला ताई नावाचा मासा गुलाबी असतो, जाळ्यात पाळलेला उन्हाने काळवंडतो. हे शेंबडे पोरही सांगेल. यांनी आणलेले सगळे काळे होते. शेजारच्या मोरी काकू माझ्यासमोर म्हणाल्या, "अगंबाई, किती ताजा!" आणि आत जाऊन हसत सुटल्या. मला भिंतीपलीकडून ऐकू आले. मंडईतून विकत आणलेल्या माशांच्या बदल्यात मी दोन महिने लोकांची संत्री आणि लोणची घेतली, वर कमरेत वाकून आभार मानले.

परवा जेवताना मी विषय काढला. मी म्हणाले, "मंडईत मासे काय भावाने मिळतात हो हल्ली?" ते खाली मान घालून जेवत राहिले. मग मी म्हणाले, "एकदा तरी समुद्रातला मासा आणून दाखवा. नाहीतर ते धूड नेऊन बुडवा कुठेतरी." यावर ते म्हणाले, "आमटी छान झालीये." आमटी रोजच्यासारखीच होती.

काल पहाटे ते केव्हा निघाले ते मला माहीत नाही. मी जागी होते, पण उठले नाही. रात्री घरी आले नाहीत, तरी मी कोणाला विचारले नाही. रुसले की ते बोटीतच झोपतात.

या ठिकाणी हवालदार मियावाकी यांनी इंजिन दुरुस्ती करणारे हारागुची यांना फोन लावला. हारागुची म्हणाले की, ओचींनी मागच्या आठवड्यात इंजिनाचा पाण्याचा पंप विकत नेला, पण बसवायची मजुरी परवडत नाही म्हणाले, "मीच बसवतो. एकेक पायरी सांग." हारागुचींनी कागदावर चित्र काढून दिले.

यावर माझे म्हणणे असे की, माझ्या नवऱ्याला घरातला दिवा बदलता येत नाही. चित्र बघून इंजिन जोडणारा हा माणूस नव्हे.

हवालदारांनी विचारले, "काकू, गेल्या काही दिवसांत घरी काही वेगळं दिसलं का?" त्यावर सांगते की, चार दिवस ते हात काळे करून येत होते. चांगला पांढरा टॉवेल खराब केला म्हणून मी वाट्टेल ते बोलले. हात कशाने काळे झाले हे विचारले नाही. शेवटच्या दिवशी ते शीळ घालत होते. मी म्हणाले, "पुरे, गिऱ्हाईक आहे."

हवालदारांनी विचारले, "म्हणजे बोट सुरू झाली असेल?" यावर सांगते की, काल दुपारनंतर वारा सुटला होता. दुकानाची पाटी मी आत घेतली होती. सामुद्रधुनीत ओढ कशी असते ते इथल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. लाइफ जॅकेट घरी दाराशी टांगलेले आहे. त्यात आपण जाडे दिसतो असे त्यांचे म्हणणे आहे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बोटीच्या खर्चाबद्दल, माशांबद्दल आणि माझ्या नवऱ्याच्या अकलेबद्दल जे लिहिले आहे, ते मी सांगितले तसेच आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त "शोध थांबवावा" हे वाक्य मी खोडायला लावले आहे आणि खोडलेल्या जागी माझा सहीचा शिक्का उमटवला आहे. नऊ बोटींच्या डिझेलचे आणि जेवणाचे जे काय होईल ते मी भरेन. आणखी बोटी असतील तर त्याही पाठवाव्यात.

हात्सुए ओची (शिक्का)